मशीन चावतंय म्हणजे धार गेलीच असं नाही

विट्याहून एका सलूनवाल्यांनी विचारलंय. त्यांच्याकडे दोन मशीनं आहेत, एक वायरचं, एक चार्जिंगचं. वायरचं मशीन महिनाभर केस ओढतंय, चावतंय, गिऱ्हाईक मान आखडून घेतं. मोबाइलवर बघून त्यांनी पाती खोलली आणि पॉलिश पेपरवर अर्धा तास घासली. पाती आरशासारखी झाली, पण आधी निदान ओढून का होईना कापत होतं ते मशीन आता कापेनासंच झालं. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: घरी धार लावता येते का, आपलं चुकलं कुठं, आणि धारेचं यंत्र घेऊन ठेवणं परवडेल का.

घरी धार लावता येते. मी सांगलीत गेली कित्येक वर्षं निम्मा दिवस खुर्चीमागं आणि निम्मा दिवस दुसऱ्यांच्या पात्यांमागं घालवतो, आणि सुरुवात मीही घरातल्या काचेच्या तुकड्यावरच केली. पण तुमच्या मशीनची धार खरंच गेली होती का, हेच मला अजून पटलेलं नाही. धडधाकट माणसाला टेबलावर घेऊन ऑपरेशन केलंत अशी मला दाट शंका आहे.

आधी ही धार राहते कुठं ते बघू, कारण सगळी चूक तिथंच होते.

माझे वडील धोकटी घेऊन घरोघर जायचे. धोकटीत वस्तरा, कात्री, हाताची मशीन, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. वस्तऱ्याला धार कशी लावायची ते मी त्यांच्या हाताकडं बघून शिकलो, आणि तीच विद्या मशीनच्या पात्यावर चालवायला गेलो तेव्हा पहिला संच वाया घालवला. वस्तरा एकटा कापतो. त्याची कड जितकी बारीक तितकी धार चांगली, म्हणून तो दगडावर आणि पट्ट्यावर जितका फिरवाल तितका सुधारतो. मशीनचं पातं एकटं काहीच कापत नाही. नव्याकोऱ्या पात्याच्या दातांवरून बोट फिरवा, रक्त येणार नाही. कापतात ती दोन पाती मिळून.

दोन पात्यांचं अवजार म्हटलं तर आपल्याकडं धनगराची कातर आहे. आटपाडी, जत, माण भागात अजूनही तिनं मेंढरं कातरतात. कातरीला धार लावताना बाहेरचा उतार घासतात, आतली सपाट बाजू शहाणा माणूस दगडाला टेकवत नाही. मशीनच्या पात्याचं बरोबर उलटं आहे. इथं घासायची ती आतलीच बाजू, जिथं दोन पाती एकमेकींना भिडतात. बाहेरच्या बाजूला, म्हणजे कातडीवरून फिरणाऱ्या बाजूला, आणि दातांमधल्या खाचांना कधीच काही करायचं नाही. खाचांमधून बारीक कानस फिरवून आणलेली पाती माझ्याकडं आलीत. त्यांचं पुढं काहीच करता येत नाही. दातांची रुंदी एकदा कमी झाली की झाली.

खालचं पातं स्थिर असतं. ते फणीसारखं केसांत शिरतं, केस खाचांत धरून उभे करतं. वरचं छोटं पातं डावीउजवीकडं धावतं. वरच्या दाताची कड खालच्या दाताच्या कडेवरून गेली की मधला केस तुटतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड. दोन पात्यांमध्ये एवढी फट पडली, तर केस तुटण्याऐवजी त्या फटीत दुमडतो, अडकतो आणि मशीन पुढं सरकलं की मुळापासून ओढला जातो. त्यालाच आपण ‘चावलं’ म्हणतो. म्हणजे चावणं हे बोथटपणाचं लक्षण असेलच असं नाही, ते फटीचं लक्षण आहे. बोथट कडेमुळं केस फटीत ढकलला जातो हे खरं, पण मशीन ओढायला आणखी चार कारणं आहेत आणि ती सगळी घासण्यापेक्षा स्वस्त आहेत.

पहिलं कारण कचरा. पाती न काढता वरून ब्रश मारणं म्हणजे घर न झाडता उंबरा पुसणं. वरच्या पात्याच्या मागच्या पट्टीखाली केसांची भुकटी, तेल, पावडर आणि मानेवरचा मळ यांचा घट्ट थर बसतो. तो पात्याला मागून उचलतो आणि पुढं दातांच्या टोकांशी दाब बदलतो. उन्हाळ्यात शेतातून, वीटभट्टीवरून, गुऱ्हाळावरून थेट खुर्चीत येऊन बसणारं गिऱ्हाईक असेल तर केसांत माती आणि राख असते. ती पॉलिश पेपरचंच काम करते, फक्त चुकीच्या जागी. अशा गिऱ्हाइकाचं डोकं आधी धुवून, वाळवून घ्या. धुवायला कंटाळा येत असेल तर निदान टॉवेलनं खसाखसा पुसा.

म्हणून पाती खोला. आधी मोबाइलवर दोन फोटो काढा, कुठला स्क्रू कुठला आणि स्प्रिंग कशी बसली होती ते नंतर आठवत नाही. दोन स्क्रू काढले की खालचं पातं सुटतं. जुन्या दातांच्या ब्रशनं दोन्ही पाती घासा. थर चिवट असेल तर रॉकेल उत्तम, पण ते हल्ली सहजी मिळत नाही, पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. ही धुलाई पाती मशीनपासून वेगळी करूनच. चालू मशीनचं तोंड रॉकेलच्या वाटीत बुडवणारे लोक मी बघितलेत. आत ठिणगी उडते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पाती उघडी आहेतच तर आणखी एक. नायटा पात्यावरून एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो, आणि चावणारं मशीन कातडीला ओरखडे काढत असेल तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचीही वाट उघडते. ७० टक्क्यांचं अल्कोहोल पात्यांवर मारा, वाळू द्या, पण केस आणि मळ काढल्यावर. मळाच्या थरावर मारलेलं औषध मळालाच लागतं. त्यानंतर तेल द्यायचंच, नाहीतर स्टील कोरडं पडून गंजतं.

दुसरं कारण तेल. सलूनमध्ये हाताशी खोबरेल असतं म्हणून पात्याला खोबरेल देणारे खूप आहेत. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. महाबळेश्वर सोडा, डिसेंबरातल्या सकाळी आपल्याकडंही बाटलीत ते दगड झालेलं असतं, तसंच ते पात्यांमध्येही होतं. उन्हाळ्यात पातळ राहिलं तरी काही दिवसांनी चिकट होतं आणि केसांची भुकटी धरून ठेवतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, किंवा मशीनबरोबर मिळतं ते. दातांवर दोन-तीन थेंब, पात्याच्या दोन्ही कडांना एकेक, मशीन दहा सेकंद चालवा, जादा तेल पुसा. दर दोन-तीन डोक्यांनंतर एवढं केलं तर पाती गरम व्हायची थांबतात. जास्त ओतलंत तर तेल आत जातं आणि केस घेऊन जातं.

तिसरं कारण म्हणजे पात्यांची बसकण. स्क्रू आवळताना वरचं पातं किंचित तिरकं बसलं की एका बाजूला कापतं, दुसऱ्या बाजूला ओढतं. वरच्या पात्याच्या दातांची टोकं खालच्या टोकांच्या साधारण अर्धा मिलिमीटर मागं आणि त्यांना समांतर हवीत. झिरो, म्हणजे केस अगदी कातडीलगत कापलेले दिसावेत म्हणून आजकालची पोरं दोन्ही टोकं एका रेषेत आणतात. फोटोत छान दिसतं, पण मानेवर लाल रेघा उठतात. तशी सेटिंग करायचीच असेल तर गिऱ्हाइकाच्या मानेआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर मशीन फिरवून बघा. स्प्रिंगचंही तसंच. वरचं पातं अंगठ्यानं ढकललं तर सरकायला हवं, पण थोडा जोर लागायला हवा. ढिली स्प्रिंग म्हणजे फट, फार ताठ स्प्रिंग म्हणजे गरम पातं.

चौथं कारण विजेचं, आणि विट्याच्या प्रश्नात मला हेच दिसतं. त्यांनी एक गोष्ट सहज लिहून टाकली आहे: ‘सकाळी बरं चालतं, संध्याकाळी जास्त ओढतं.’ बोथट पात्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, व्होल्टेजला कळते.

वायरच्या थरथरणाऱ्या मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते. तारेची गुंडाळी असते, ती चुंबक बनते आणि पात्याचा दांडा ओढते, स्प्रिंग तो परत नेते. लिओ वाल नावाच्या अमेरिकन माणसानं १९१९ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणजे पातं सेकंदाला १०० वेळा आणि मिनिटाला ६,००० वेळा हलतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथं तेच ७,२०० होतं. खोक्यावर ७,२०० छापलेलं बघून खूष होऊ नका, आपल्या भिंतीतल्या विजेवर ते ६,००० च. आता गंमत अशी की व्होल्टेज पडलं तरी हा आकडा कमी होत नाही. कमी होतो तो पात्याचा फेरा. दात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण जात नाहीत, खाचेतला केस अर्धा कापून परत फिरतात. आवाज तोच राहतो, म्हणून मशीनवर संशय येत नाही आणि बिचाऱ्या पात्यावर येतो.

अशा मशीनच्या कुशीला एक स्क्रू असतो, तो याच कामासाठी. मशीन चालू ठेवून तो घड्याळाच्या दिशेनं हळूहळू आवळा. एका जागी खडखडाट सुरू होईल. तिथून उलट फिरवत आणा आणि खडखड थांबते तिथंच थांबा. तेवढ्या व्होल्टेजला फेरा पूर्ण मिळतो. संध्याकाळी गिऱ्हाईक जास्त असेल तर हे संध्याकाळीच करा. सकाळी लावलेला स्क्रू संध्याकाळच्या विजेला पुरा पडत नाही.

चार्जिंगच्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथं छोटी मोटर असते आणि ती प्लास्टिकच्या एका तुकड्यामार्फत पात्याला ढकलते. तो तुकडा झिजला की मोटर फिरते पण पातं निम्मंच हलतं. पात्याच्या मागं बोटानं हलवून बघा, ढिलेपणा लगेच कळतो. सुटा मिळाला तर बदला. बॅटरी उतरल्यावरही मशीन ओढतं, हे सांगायला नको, पण धार लावायला आणलेलं मशीन मी आधी तासभर चार्जिंगला लावतो आणि बरेचदा तिथंच काम संपतं. गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला लाज वाटते, मग चहा घेतो.

हे सगळं करूनही मशीन ओढत असेल तर आता धारेकडं वळू. आणि तुमचं काय चुकलं तेही इथंच येतं.

नवं पातं दिसतं सपाट, पण असतं किंचित पोकळ. पुढं दात टेकतात, मागं पट्टी टेकते, मधला भाग केसभर खाली असतो. त्यामुळं स्प्रिंगचा दाब दातांच्या टोकांवर येतो, जिथं तो हवा असतो. तुम्ही अर्धा तास पेपरवर घासलंत तेव्हा हात हिंदकळला. हात हिंदकळतोच, तुमचाही आणि माझाही. पुढं जाताना पातं नाकावर झुकतं, मागं येताना शेपटीवर. दातांची टोकं आणि मागची कड जास्त झिजतात, मध्ये पोट सुटतं. पोकळ जागेच्या ठिकाणी फुगवटा. अशी दोन पाती एकमेकींवर ठेवली की पोटं भिडतात आणि टोकं उघडी राहतात. चकाकी खरी, पण कापणारी जागा हवेत.

खात्री करायची असेल तर दोन्ही पात्यांच्या घासलेल्या बाजू एकमेकींवर टेकवून ट्यूबलाइटकडं धरा आणि दातांच्या बाजूनं बघा. टोकांमधून उजेडाची रेघ दिसली तर मी म्हणतो तेच झालंय.

आता नीट करू. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिलिमीटर जाडीचा तुकडा आणा, वीतभर पुरतो, कडा घासून घ्यायला सांगा. पातळ काच दाबाखाली वाकते. फरशीचा तुकडा सपाट वाटतो पण नसतो. पॉलिश पेपर पाण्यात चालणाराच घ्या, ज्याला हार्डवेअरवाले वॉटर पेपर म्हणतात. ४०० नंबर फक्त बिघडलेल्या पात्याला, एरवी ६०० नं सुरुवात आणि १००० वर शेवट. पेपर पाण्यात भिजवून काचेवर चिकटवला की सुरकुती राहता कामा नये. सुरकुती म्हणजे छोटी टेकडी, ती बरोबर दातांची टोकं खाते.

जुन्या स्पीकरमधलं चुंबक घ्या आणि पात्याच्या मागं बसवा. पातं बोटांच्या चिमटीत धरून घासणं हेच हिंदकळण्याचं मूळ आहे. चुंबकामुळं हात वर राहतो आणि पातं स्वतःच्या बुडावर बसतं. आता काळ्या मार्करनं घासायची बाजू पूर्ण रंगवा, दात आणि मागची पट्टी दोन्ही. पेपरवर पातं ठेवा, पट्टी पुढं आणि दात मागं, आणि दात ओढत येतील अशाच दिशेनं छोटे छोटे हात मारा, तीन-चार इंचांचे. दात पुढं करून ढकललंत तर टोकं पेपरात रुततात. परत नेताना उचला. दाब चुंबकाच्या वजनापेक्षा फारसा जास्त नको. दहा हात झाले की उचला, पुसा, बघा.

मार्कर तुम्हाला खरं सांगतो, चकाकी खोटं बोलते. दातांवरचा आणि पट्टीवरचा रंग सारखा गेला आणि मधे थोडा राहिला तर फार छान, पोकळी शाबूत आहे, थांबा. दातांच्या अगदी टोकाशी रंग राहिला तर टोकं अजून खाली आहेत, पुन्हा रंगवून पुढचे दहा हात. एका कोपऱ्यात राहिला तर तुमचा हात एका बाजूला झुकतोय, काच फिरवून दुसऱ्या बाजूनं या. साध्या बोथट पात्याला ६०० वर वीस-तीस हात आणि १००० वर दहा, एवढ्यात काम होतं. अर्धा तास कधीच नाही. आरशाचीही गरज नाही, मला तर किंचित मंद, धुरकट पृष्ठभागच आवडतो, त्यावर तेल धरून राहतं.

दोन्ही पाती घासायची. एक घासून एक जुनंच ठेवलं तर जोडी जमत नाही. आणि जोडी म्हणजे जोडी: दोन मशीनं एकाच कंपनीची असली तरी यांची पाती त्यांना लावू नका. एकमेकींवर धावून ती एकमेकींना बसलेली असतात. मी मागच्या बाजूला मार्करनं आकडे घालतो.

घासून झालं की दातांच्या कडांना नजरेला न दिसणारी बारीक कोर येते. मऊ लाकडावर, जुन्या पाटाच्या कडेवर वगैरे, दात दोन-तीनदा हलकेच ओढले की ती जाते. मग साबण आणि गरम पाण्यानं कडक ब्रश मारून धुवा, अगदी खाचाखाचांतून. पेपरची एक कणी मधे राहिली तरी तुम्ही लावलेली धार ती पहिल्या दोन मिनिटांत उतरवते. हेअर ड्रायरनं वाळवा, तेल द्या, जोडा, अर्धा मिलिमीटर बघून आवळा. पहिली चाचणी ओल्या कापसावर. मशीननं कापसाचे तंतू अडकून न बसता कापले तर झालं. पूर्ण रुंदीभर तपासा, नुसतं मधल्या दातांवर नाही. दोन्ही टोकांचे दात आधी बोंबलतात.

काही पात्यांना हात लावू नका. पांढरं वरचं पातं म्हणजे सिरॅमिक. त्यावर हा पेपर नीट चालत नाही, हिऱ्याच्या प्लेटशिवाय गती नाही, आणि हातातून पडलं की बशीसारखं फुटतं. ते बदलायचं. सोनेरी मुलामा असलेल्या पात्याला घासलं तर चालतं, पण घासलेल्या जागचा मुलामा गेला हे समजून. दाढीच्या स्वस्त ट्रिमरची पाती पत्र्याची असतात, त्यांच्या मागं तासभर घालवण्यापेक्षा नवा संच आणा. आणि एक जरी दात मोडला असेल तर ते पातं टाकून द्या, कितीही महाग असो. मोडक्या दाताच्या जागी कातडी आत शिरते.

मोबाइलवर फिरणारे बाकीचे उपाय थोडक्यात. अॅल्युमिनियमची फॉइल कापल्यानं धार येत नाही, फक्त फॉइल कापली जाते. मिठात मशीन चालवल्यानं थोडा मळ निघतो आणि वर गंज मिळतो. दोन पात्यांमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घालून मशीन चालवणं सगळ्यात वाईट: पाती एकमेकींना बसतात खरी, पण ज्या कडेनं कापायचं तीच गोल होते. सायकलवर चाक घेऊन फिरणारे धारवाले चाकू-कोयत्याला चांगली धार लावतात, मी स्वतः घरची विळी त्यांच्याकडं देतो. पण मशीनचं पातं त्या चाकावर एकदा टेकलं की संपलं.

गंजाबद्दल एक सांगतो, कारण नदीकाठच्यांना कामाला येईल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीतली किती सलूनं पाण्यात होती ते आम्ही बघितलंय. पाणी उतरल्यावर माझ्याकडं पिशव्या भरून पाती आली, गाळानं माखलेली, लाल झालेली. मी उत्साहात सगळी घ्यायला लागलो. दोन दिवसांत कळलं की गंज दोन जातींचा असतो. वरवरचा लाल गंज तेलात भिजवून, ब्रशनं जातो, आणि त्याखाली धार बरीच शाबूत सापडते. पण गंजानं जिथं स्टीलला खड्डा पाडला आणि तो खड्डा दाताच्या कडेवर आला, तिथं खड्ड्याच्या तळापर्यंत घासावं लागतं. तेवढं घासलं की दात इतका पातळ होतो की मशीन नको तेवढं खोल कापतं. निम्म्याहून जास्त पाती मी परत केली. तेव्हापासून पाऊस वाढला की पाती तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर.

आता यंत्राचं. धार लावायचं यंत्र म्हणजे मुळात फिरणारी बिडाची थाळी, तिच्यावर तेल आणि कार्बोरंडमची, म्हणजे घासायच्या कडक खड्याची भुकटी, आणि पातं धरायला चुंबक. माझी थाळी मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून टर्न करून घेतली. मध्यापासून कडेकडं तिला अगदी अल्प उतार आहे, डोळ्याला दिसत नाही, पण त्या फुगीर थाळीवर पातं धरलं की पात्याला कारखान्यातली पोकळी परत मिळते. काचेवर जे कधीच पूर्ण जमत नाही ते इथं मिनिटात जमतं. मोटर १,४४० फेऱ्यांची, पुल्या लावून वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला. वेगात पातं तापतं आणि भुकटी उडून तोंडावर येते. थाळी झिजते, उतार बिघडतो, वर्षातून एकदा परत लेथवाल्याकडं न्यावी लागते. त्याच्या भाषेत मी ‘तो थाळीवाला’ आहे.

दोन मशीनांसाठी हे परवडणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक मशीनला पात्यांचे तीन संच ठेवा: एक लावलेला, एक तयार, एक धारेला गेलेला. विटा, तासगाव, पलूस या पट्ट्यातले पंधरा-वीस सलूनवाले तुमच्याकडं पाती द्यायला तयार असतील तर मग विचार करा. आणि त्यातही एक गिऱ्हाईक सांभाळून घ्या. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात म्हशी सजवून मिरवतात, त्याआधी त्यांना भादरतात. ही मंडळी अलीकडं मशीन वापरतात. म्हशीच्या अंगावरचा वाळलेला चिखल असा काही असतो की नवं पातं एका म्हशीत बोथट होतं. एकानं माझ्याकडून धार लावून नेलेली पाती संध्याकाळी परत आणली, ‘तुमची धार टिकत नाही’ म्हणून. मी विचारलं, आधी म्हैस धुतली होती का? तो म्हणाला, भादरल्यावर धुणार होतो.

तुमचा बिघडलेला संच टाकू नका. त्याच्यावरच हात बसवा, तो आणखी काय बिघडणार. ४०० च्या पेपरवर मार्कर लावून दहा-दहा हात, टोकांवरचा रंग जाईपर्यंत. मग ६००, मग १०००, आणि ट्यूबलाइटसमोर रेघ नाहीशी झाली का ते बघा. मधे पोकळी राहणार नाही, पण सपाट पातं पोट सुटलेल्या पात्यापेक्षा कितीतरी बरं, काही महिने आरामात चालतं. तोवर कुशीचा स्क्रू संध्याकाळी लावून बघा. एवढ्यानं भागलं नाही तर सांगलीला याल तेव्हा संच घेऊन या, पण मशीनसकट. नुसती पाती पिशवीत घालून आणलीत तर मी आधी मशीनच मागणार आहे.